लिंक्डइन कसं आहे? फौंड्रीत काम करणारीचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथंच होईल. लिंक्डइनचं (कामधंद्याच्या ओळखींची साइट) फुकटचं अकाउंट उघडा, नीट भरा आणि त्यावर आपल्या कामाबद्दल लिहा, पाचपैकी चार स्टार. प्रीमियम, म्हणजे पैसे भरून घ्यायचा प्लॅन, म्हणाल तर नोकरी बदलायची असेल तेवढ्या महिन्या-दोन महिन्यांपुरतं ठीक, एरवी पैसे वाचवा, तिथं अडीच स्टार. आणि फौंड्री (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग, म्हणजे कास्टिंग, करतात तो कारखाना), मशीन शॉप, टूलरूम, हीट ट्रीटमेंट, पॅटर्न शॉप असल्या ठिकाणी जे काम करतात त्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्या लोकांकडं सांगण्यासारखं ढीगभर असतं आणि सांगणारे फार थोडे असतात.

मी कोल्हापूरची, मेटलर्जी करून फौंड्रीत क्वालिटी आणि प्रोसेस बघते, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचे प्रकार) दोन्ही. लिंक्डइनवर जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक आयटीवाले, एचआरवाले आणि मार्केटिंगवाले यांनी त्यांच्या त्यांच्या लोकांसाठी लिहिलेले असतात, शॉप फ्लोअरवर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला त्यातलं निम्मं लागूच होत नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

आमच्याकडं माणसाचं नाव कसं होतं ते आधी सांगायला पाहिजे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फौंड्र्या दाटीवाटीनं आहेत, आणि कुठं कोण सॅण्ड, म्हणजे साच्याची वाळू, चांगली सांभाळतो, कुणाचा मेथडिंगमध्ये (साच्यात धातू कसा ओतायचा त्याची आखणी) हात बसलाय, कुणाच्या फर्नेसवरचा माणूस सोडून गेला, ही सगळी बातमी फिरते ती फौंड्रीला माल विकणाऱ्या सेल्समन लोकांमुळं. बेन्टोनाइटवाला, रेझिनवाला, इनोक्युलंटवाला, स्लीव्हवाला, हे रोज एका फौंड्रीतून दुसरीत जातात, चहा पितात, बोलतात आणि नावं पोचवतात. ही व्यवस्था खरंच चांगली चालते, मी तिला नावं ठेवणार नाही, माझं नाव पण तिनंच आधी पसरवलं. पण ती पंचवीस-तीस किलोमीटरवर संपते. कोइम्बतूरमध्ये, राजकोटमध्ये, बेळगावात, पुण्यातल्या कस्टमरच्या सोर्सिंग डिपार्टमेंटमध्ये तुम्ही कोण हे कुणालाच माहीत नसतं, तिथं फक्त कंपनीचं नाव जातं, ते पण मालकाचं.

आणि बायकांसाठी अजून एक गोष्ट. आमच्या धंद्यातल्या ओळखी वाढतात त्या संध्याकाळी आठनंतर, हॉटेलवरच्या जेवणात, एक्झिबिशननंतरच्या बैठकीत. मी तिथं जाते, लोक मानानं वागतात, पण खरं बोलणं सुरू होतं तेव्हा मी घरी निघालेली असते. लिंक्डइनवर सकाळी सहाला चहा पिता पिता तुम्ही एखाद्या ३० वर्षं एसजी आयर्न करणाऱ्या माणसाला नेमका प्रश्न विचारू शकता आणि तो उत्तर देतो, ही सोय मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही. या एका गोष्टीसाठी मी एक पूर्ण स्टार देते.

आता ही कंपनी काय आहे ते थोडक्यात, कारण ती पैसे कसे कमावते ते कळलं की तिचं वागणं पण कळतं. डिसेंबर २००२ मध्ये रीड हॉफमन आणि त्याच्या साथीदारांनी स्थापन केली, ५ मे २००३ ला साइट सुरू झाली, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं २६.२ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. २०२३ मध्ये सदस्य १०० कोटींच्या वर गेले, आणि अमेरिकेखालोखाल सगळ्यात जास्त सदस्य भारतात आहेत. पैसा येतो तो मुख्यतः माणसं शोधणाऱ्या कंपन्यांकडून, जाहिरातींतून आणि प्रीमियममधून. म्हणजे रिक्रूटर हा त्यांचा मोठा गिऱ्हाईक आहे आणि तुमचं प्रोफाइल त्याला शोधता यावं अशीच सगळी मांडणी आहे. हे ध्यानात ठेवलं तर प्रोफाइल कसं लिहायचं याचं उत्तर आपोआप मिळतं, रिक्रूटर जे शब्द टाइप करतो ते शब्द तुमच्या प्रोफाइलमध्ये असले पाहिजेत.

नावाखालची ओळ, जिला हेडलाइन म्हणतात, ती २२० अक्षरांची असते. आपल्याकडचे नव्वद टक्के लोक, हे आपलं अंदाजानं म्हणते, तिथं "मॅनेजर क्वालिटी" आणि कंपनीचं नाव एवढंच ठेवतात. मॅनेजर क्वालिटी बिस्किटाच्या कारखान्यात पण असतो. त्याऐवजी "एसजी आयर्न, ग्रे आयर्न कास्टिंग, ग्रीन सॅण्ड प्रोसेस कंट्रोल, रिजेक्शन ॲनालिसिस, पीपीएपी" (शेवटचं म्हणजे नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत) असं लिहिलं तर एका नजरेत कळतं की बाई काय करते. एसजी आयर्नला कोण डक्टाइल म्हणतं कोण नोड्युलर म्हणतं, तर तिन्ही शब्द प्रोफाइलमध्ये कुठं ना कुठं घाला, शोधणारा कुठला टाइप करेल सांगता येत नाही. खाली अबाउट म्हणून जागा आहे २६०० अक्षरांची, तिच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं बघायला क्लिक करावं लागतं, त्यामुळं "मी एक मेहनती आणि प्रामाणिक" अशानं सुरुवात करून ती जागा घालवू नका, किती वजनाची कास्टिंग करता, कुठल्या मोल्डिंग लाइनवर, कुठल्या प्रकारच्या कस्टमरसाठी, ते पहिल्या ओळीत. फोटो साधा, चेहरा स्पष्ट, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको, शेजारच्याचा खांदा दिसतो त्यात.

व्हेरिफिकेशनची सोय आहे, भारतात डिजिलॉकरमधून आधार वापरून करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत, नावाजवळ छोटी खूण येते. करून टाका. खोट्या प्रोफाइलांचा सुळसुळाट आहे म्हणून समोरचा आधी ती खूण बघतो.

हे सगळं झालं घर बांधणं, खरी गंमत पुढं आहे, लिहिण्यात. माझ्या एका पोस्टबद्दल जरा सविस्तर सांगते कारण लिंक्डइनचा उपयोग नेमका कसा होतो ते त्यात दिसतं. जुलैचा महिना होता, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, आणि एका कास्टिंगला मशीनिंग झाल्यावर कातडीखाली बारीक बारीक पिन होल दिसायला लागले. टाचणीच्या डोक्याएवढे, आतून चकचकीत. मी त्याचा जवळून फोटो काढला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली म्हणजे साइज कळावी, कस्टमरचा पार्ट नंबर कास्टिंगवर उठलेला होता तो फोटोत येणार नाही असा कोन घेतला. आणि लिहिलं सरळ, काय दिसलं, काय काय तपासलं, सॅण्डचं मोइश्चर किती होतं, कुठं शंका गेली, शेवटी काय निघालं. निघालं होतं असं की मेटलमध्ये ॲल्युमिनियम थोडं वाढलेलं, काही इनोक्युलंटमधून (ओतताना मेटलमध्ये थोडं घालतात ते मिश्रण) आणि काही स्क्रॅपमधून आलेलं, आणि सॅण्ड ओली. ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा होऊन मेटलमध्ये शिरतो, थंड होताना तो कातडीखाली अडकतो आणि पिन होल होतो. नुसती सॅण्ड ओली असती तर कदाचित एवढं झालं नसतं, नुसतं ॲल्युमिनियम वाढलं असतं तरी कदाचित निभावलं असतं, दोन्ही एकदम आलं म्हणून गाठलं.

लाइक फार आले नाहीत. पण ज्यांनी कमेंट केल्या ते सगळे धंद्यातले होते. कोइम्बतूरच्या एका रिटायर्ड सरांनी विचारलं की लॅडलचं (वितळलेलं मेटल न्यायचं भांडं) लायनिंग नवीन होतं का, नीट तापवून घेतलं होतं का, कारण ओल तिथून पण येते. राजकोटच्या एका मुलानं स्वतःच्या कास्टिंगचा तसाच फोटो टाकला. पुण्यातल्या एका पंप कंपनीतल्या सप्लायर क्वालिटीच्या माणसानं काहीच लिहिलं नाही, नुसतं वाचलं, आणि पुष्कळ दिवसांनी मेसेज केला की आमच्या एका सप्लायरकडं हाच डिफेक्ट आहे, जरा बोलू शकाल का. तिथून फोन झाला, मग व्हिजिट झाली, मग आमच्या फौंड्रीला एन्क्वायरी आली. हे सगळं त्या एका पिन होलच्या फोटोवर. नाव होतं ते असं होतं, आणि ते कुठल्या प्रीमियमनं होत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते, तुम्ही सोडवलेला एक एक प्रॉब्लेम लिहा. टूलरूमवाल्यानं डाय का तडकला ते लिहावं, हीट ट्रीटमेंटवाल्यानं हार्डनेस कमी-जास्त का येत होता ते लिहावं, मेंटेनन्सवाल्यानं हायड्रॉलिकचा लीक कसा सापडला ते लिहावं. लीडरशिपवर लिहू नका, सोमवारच्या मोटिव्हेशनवर लिहू नका, ते लिहिणारे भरपूर आहेत आणि वाचून कुणाच्या हाताला काही लागत नाही. पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, एका डिफेक्टसाठी तेवढी जागा पुरून उरते.

इथं एक मोठी सावधगिरी, आणि ही मी पोटतिडकीनं सांगतेय. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, लोगो, प्रोसेस शीट, कस्टमरच्या ऑडिटचे मुद्दे, यातलं काहीही पोस्टमध्ये जाता कामा नये. बऱ्याच कंपन्यांशी एनडीए (गुप्तता पाळायचा करार) झालेलं असतं आणि ते सही करणारा मालक असतो, तुम्ही नसता, पण निस्तरायला तुम्हालाच लावतात. फोटोत पाठीमागं बोर्डवर प्रॉडक्शन प्लॅन लिहिलेला दिसतो, रॅकवर दुसऱ्या कस्टमरचा टॅग दिसतो, ते पण बघा. कास्टिंग शक्यतो तोडून, फ्रॅक्चरचा फोटो घ्या, म्हणजे पार्ट कुठला ते कळत नाही आणि मेटलर्जीवाल्याला जे हवं तेच दिसतं.

मालकांचा प्रश्न वेगळाच असतो. आमच्याकडं अजून समज अशी की लिंक्डइन उघडलं म्हणजे पोरगं नोकरी शोधायला लागलं. माझी पहिली पोस्ट बघून आमचे मालक केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, आपली रिजेक्शन जगाला दाखवालाय होय?" मी म्हटलं, "साहेब, रिजेक्शन सगळ्यांकडंच असतंय, आपण ते कसं काढलं हे दाखवालोय." ते गप्प बसले, पटलं का नाही कळलं नाही. पण मग मी नियम घालून घेतला, कुठलीही पोस्ट आधी त्यांना दाखवायची, चालू प्रॉब्लेमवर कधीच लिहायचं नाही, कस्टमरकडं विषय बंद झाल्यावरच. आता ते स्वतः विचारतात, नवीन स्पेक्ट्रो (मेटलमध्ये काय काय आहे ते तपासायचं मशीन) आलाय त्याचं टाकलं का म्हणून. तुमचे मालक असे नसतील तर कंपनीतलं काहीच टाकू नका, जनरल मेटलर्जीवर लिहा, ग्राफाइटच्या आकारावर, कार्बन इक्विव्हॅलंटवर, इनोक्युलेशन फेड का होतं यावर, विषयांना तोटा नाही.

पोस्ट लिहायला जमत नसेल तर कमेंट लिहा, आणि खरं तर सुरुवात कमेंटनंच करावी. कमेंटवर मला लिंक्डइनचं सगळ्यात जास्त कौतुक आहे. मोठ्या माणसाच्या पोस्टखाली तुम्ही नेमकी एक गोष्ट भर घातली की ती त्याच्या सगळ्या वाचणाऱ्यांना दिसते. "ग्रेट पोस्ट सर, थँक्स फॉर शेअरिंग" असली तयार वाक्यं ॲप खाली बटणासारखी दाखवतं, ती दाबू नका, त्यानं काही होत नाही. त्यापेक्षा "सर, आमच्याकडं पावसाळ्यात कॉम्पॅक्टॅबिलिटी दर अर्ध्या तासाला बघतो, तुमच्याकडं किती वेळानं?" एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की हा माणूस सॅण्ड प्लांटवर उभा राहिलेला आहे.

ओळखींबद्दल एक संशोधन आहे ते सांगण्यासारखं आहे. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं मांडलं होतं की नोकरीची नवी बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना जे माहीत ते आपल्याला पण आधीच माहीत असतं. २०२२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये लिंक्डइनवरचा मोठा अभ्यास आला, २०१५ ते २०१९ या काळात २ कोटी लोकांना "तुम्ही यांना ओळखत असाल" मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या ओळखी सुचवून बघितल्या, आणि निघालं असं की मध्यम लांबच्या ओळखी नोकरी बदलायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, सगळ्यात जवळच्या सगळ्यात कमी. त्या लोकांना या प्रयोगासाठी वेगळं विचारलेलं नव्हतं आणि त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण आपल्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढं आहे आणि ती कुणी सांगत नाही. जे उद्योग जास्त डिजिटल आहेत तिथं लांबच्या ओळखी कामाला आल्या, जे कमी डिजिटल आहेत तिथं जवळच्याच ओळखी जास्त कामाला आल्या. फौंड्री कुठल्या गटात बसते ते सांगायला नकोच. म्हणजे टपरीवरचा चहा, असोसिएशनची मीटिंग, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनच्या चॅप्टरची लेक्चर्स, सेल्समनशी दोन मिनिटं बोलणं, यातलं काहीही लिंक्डइनसाठी सोडायचं नाही. ही संस्था १९५० पासून आहे, तिथं भेटलेल्या माणसाला त्याच रात्री लिंक्डइनवर जोडून घेतलं की ती ओळख टिकते, मी तसंच करते आणि दोन्हीचा फायदा होतो.

कनेक्शनची रिक्वेस्ट पाठवताना नोट लिहा. फुकटच्या अकाउंटला महिन्याला अशा मोजक्याच नोटा लिहिता येतात, हे मला अजिबात आवडलेलं नाही, दोन ओळी लिहून स्वतःची ओळख करून देणं ही सभ्यता आहे आणि तिला कुलूप लावायला नको होतं. त्यामुळं ज्यांची खरंच गरज आहे त्यांच्यासाठी त्या राखून ठेवा. "सर, मी कोल्हापूरला एसजी आयर्न फौंड्रीत आहे, तुमचं गेटिंगवरचं लेक्चर ऐकलं, पुढं पण वाचायला आवडेल" एवढं पुरतं. लगेच बायोडाटा चिकटवू नका. मोठ्या लोकांना रिक्वेस्ट न पाठवता फॉलो करणं जास्त बरं, कारण कनेक्शनची मर्यादा ३०,००० आहे आणि काहींची ती भरत आलेली असते.

स्किल्सच्या खाली जे एन्डोर्समेंट असतात, म्हणजे हे स्किल तुमच्याकडं आहे अशी दुसऱ्यांनी दिलेली पसंती, २०१२ पासून आहेत ते, त्यांना फार किंमत देऊ नका, एका क्लिकवर होतात, मला तर कधी न भेटलेल्या लोकांनी एन्डोर्स केलंय. रेकमेंडेशन मात्र सोन्यासारखं, कारण तिथं माणसाला स्वतःच्या नावानं लिहावं लागतं. मागताना पण नीट मागा. "सर, दोन ओळी लिहा की" म्हटलं की "हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" येतं आणि त्यानं काही कळत नाही. त्यापेक्षा "सर, आपण त्या ब्रॅकेटचं श्रिंकेज मिळून काढलं होतं, रायझर बदलून, त्याबद्दल लिहाल का" असं मागितलं की त्यांना पण सोपं जातं. माझ्या प्रोफाइलवर सगळ्यात जास्त कामाला आलेलं रेकमेंडेशन एका कस्टमरच्या इन्स्पेक्टरचं आहे, त्यानं लिहिलंय की या मॅडम रिपोर्टमध्ये वाईट आकडा लपवत नाहीत. इंटरव्ह्यूला बसले तेव्हा समोरच्यानं तीच ओळ वाचून दाखवली.

भाषेचं विचाराल तर ॲप मराठीत करून वापरता येतं, सेटिंग्जमध्ये भाषा बदलायची. लिहिताना मी दोन्ही करते, कोइम्बतूरच्या लोकांना वाचता यावं म्हणून इंग्रजीत आणि आपल्या सुपरवायझर, आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत. मराठीत लिहिलेल्या पोस्टला येणारे प्रश्न जास्त मोकळे असतात, इंग्रजीच्या भीतीनं जी मुलं कधी बोलत नाहीत ती तिथं विचारतात. हे वाढायला पाहिजे, मनापासून वाटतं मला. मोल्डिंग लाइनवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याचं नाव होऊ नये हे बरोबर नाही.

आता न आवडलेलं. फीडमध्ये अर्ध्याहून जास्त मजकूर असा असतो की तो कुणीही कशावरही लिहिलेला असू शकतो, त्यात आता एआयनं लिहिलेल्या पोस्टांची भर. उपाय आहे, पोस्टच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून नको म्हणून सांगा, आणि ओळखीचा माणूस असेल तर कनेक्शन न तोडता अनफॉलो करा, त्याला कळत नाही. असं थोडे दिवस नेटानं केलं की फीडमध्ये कामाचं दिसायला लागतं.

दुसरं, पर्सनल ब्रँडिंगच्या नावाखाली पैसे घेणारे. ओळखीतल्या एका घरातल्या मुलानं अशा एका एजन्सीला दर महिन्याला पैसे देऊन पोस्टा लिहून घेतल्या. भाषा गुळगुळीत, लाइक भरपूर. इंटरव्ह्यूमध्ये त्याला त्याच्याच पोस्टमधल्या एका वाक्याबद्दल विचारलं, सीएनसीच्या सायकल टाइमबद्दल काहीतरी होतं, त्याला सांगता आलं नाही. पोरगं हुशार आहे, हातात काम आहे, पण त्या दिवशी खोटा ठरला. याचा मला फार राग आला, त्याचा नाही, त्या एजन्सीचा. तुमचं नाव तुमच्या हातानं लिहा, व्याकरण चुकलं तरी चालेल.

तिसरं, नोकरीच्या नावानं फसवणूक. मोठ्या कंपनीचं नाव लावून मेसेज येतो, मग व्हॉट्सॲपवर या म्हणतात, मग रजिस्ट्रेशन नाहीतर लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून पैसे. कुठलीही खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा, जेवढा उशीर तेवढं परत मिळणं अवघड. आणि मुलींनो, इनबॉक्समध्ये कुणी कामाचं सोडून बोलायला लागला तर भिडेखातर उत्तर देत बसू नका, रिपोर्ट करा, ब्लॉक करा, तो कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी. धंद्यातलं माणूस आहे, कशाला वाकडेपणा, असं म्हणून आपण गप्प बसतो आणि मग आपणच लिहायचं थांबवतो. ते थांबवायचं नाही.

ओपन टू वर्कचं, म्हणजे नोकरी शोधतोय असं सांगणारं, फोटोभोवतीचं हिरवं कडं २०२० मध्ये आलं. नोकरी गेलेली असेल तर बिनधास्त लावा, त्यात लाज काही नाही. पण नोकरीत असाल तर फक्त रिक्रूटरांना दिसेल असा पर्याय घ्या, आणि तरी पण लक्षात ठेवा की तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरांना ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करतं, पूर्ण हमी देत नाही. कोल्हापूरसारख्या गावात, जिथं सगळे मालक एकाच असोसिएशनच्या मीटिंगला शेजारी बसतात, तिथं हे विचार करूनच लावावं.

डेटाचं पण बघून घ्या. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले होते, आधी ६५ लाखांचा आकडा आला, २०१६ मध्ये कळलं की ११ कोटी ७० लाख लोकांचे विक्रीला निघालेत. त्यामुळं टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, आणि हा पासवर्ड दुसरीकडं वापरू नका. फोनमधले कॉन्टॅक्ट सिंक करायला विचारतं, तिथं नाही म्हणा. लोकांच्या ओळखीच्यांना परत परत आमंत्रणाचे ईमेल पाठवल्याबद्दल अमेरिकेत कंपनीवर दावा झाला होता आणि २०१५ मध्ये १.३ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. तुमच्या फोनमध्ये भंगारवाल्यापासून कस्टमरच्या एमडीपर्यंत सगळे असतात, सगळ्यांना तुमच्या नावानं आमंत्रण जायला नको. सेटिंग्जच्या डेटा प्रायव्हसीमध्ये जनरेटिव्ह एआयसाठी तुमचा मजकूर वापरण्याचं बटण असतं, ते आपल्याकडं आधीपासूनच चालू असतं, नको असेल तर स्वतः जाऊन बंद करायचं.

नोकरी डॉट कॉम का लिंक्डइन असं बरेच जण विचारतात. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे आणि आपल्या भागातल्या कारखान्यांचे एचआर अजून तिथंच आधी बघतात, त्यामुळं बायोडाटा तिथं पण ताजा ठेवा. दोन्हींचं काम वेगळं आहे, नोकरी डॉट कॉमवर तुम्ही अर्ज करता, लिंक्डइनवर लोक तुम्हाला कामावरून ओळखायला लागतात, त्याला वेळ लागतो. व्हॉट्सॲपचे ग्रुप प्रॉब्लेम सोडवायला झकास आहेत, रात्री अकराला विचारलं तरी उत्तर येतं, पण तिथं दिलेलं चांगलं उत्तर दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातं आणि ग्रुपबाहेरच्या कुणाला ते तुमचं होतं हे कधीच कळत नाही. मी तर ग्रुपवर दिलेलं मोठं उत्तर जरा नीट करून लिंक्डइनवर टाकते, मेहनत एकदाच.

राहिलं प्रीमियम. करिअरवाल्या प्लॅनमध्ये महिन्याला ५ इनमेल मिळतात, म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला थेट मेसेज, आणि ९० दिवसांत त्यानं उत्तर दिलं तर ते क्रेडिट परत मिळतं. प्रोफाइल कुणी बघितलं त्याची यादी मोठी दिसते, फुकटात मोजकीच नावं दिसतात, आणि तुम्ही स्वतः प्रायव्हेट मोडमध्ये फिरत असाल तर फुकटात ती पण नाहीत. लर्निंगचे कोर्स येतात, लिंडा डॉट कॉम २०१५ मध्ये घेतलं त्याचंच हे पुढचं रूप, एक्सेल आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटला चांगले आहेत, फौंड्रीसाठी काही शोधायला जाऊ नका. नोकरी बदलायची नक्की झालं असेल तर ट्रायल घ्या, आधी प्रोफाइल पूर्ण भरा मगच ट्रायल सुरू करा, नाहीतर महिना भरण्यातच जातो. आणि सुरू करताना कार्ड द्यावं लागतं, त्यामुळं संपायची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरला टाकून ठेवा. ट्रायल आयफोनच्या ॲपमधून घेतली असेल तर ती ॲपलच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन बंद करावी लागते, लिंक्डइनच्या साइटवरून होत नाही.